त्याच चाकाचं बेअरिंग पुन्हा का गेलं? ट्रेलरच्या हबमधला खरा दोष शोधताना

माझ्या ट्रॅव्हल ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराला, दोन ॲक्सल आणि चार चाकं आहेत. दोन हंगामांत तीन वेळा बेअरिंग गेलं, आणि तिन्ही वेळा मागच्या डाव्या चाकाचंच. बाकीची तीन चाकं त्याच रस्त्यांवर, त्याच ग्रीसवर, त्याच वेगात चालली; त्यांना काही झालं नाही. पहिल्या वेळी वाटलं, बेअरिंग जुनं होतं. दुसऱ्या वेळी वाटलं, नवीन बेअरिंग हलक्या प्रतीचं निघालं. तिसऱ्या वेळी हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, उघडून, धुऊन टेबलावर ठेवला आणि ठरवलं की दोष सापडेपर्यंत नवीन बेअरिंग आत जाणार नाही.

एखादं बेअरिंग वयानं जाऊ शकतं. पण त्याच जागी दुसऱ्यांदा गेलं, तर बेअरिंग बदलून काम झालं असं समजू नका. त्याच्या शेजारी काहीतरी आहे जे त्याला मारतंय: हबमधली बैठक, सील, नट, ब्रेक किंवा वजन. ते कसं शोधायचं, हे मी ज्या क्रमानं शिकलो त्याच क्रमानं सांगतो.

हबमध्ये काय असतं

बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. आतलं मोठं, बाहेरचं लहान, आणि दोघांची निमुळती बाजू एकमेकांकडे. प्रत्येकाचे दोन भाग: रोलर आणि त्यांची जाळी असलेला कोन, जो स्पिंडलवर, म्हणजे ॲक्सलच्या टोकाच्या दांड्यावर, सरकतो, आणि कप, म्हणजे हबमध्ये ठोकून बसवलेली कडी, जिला मेकॅनिक लोक रेस म्हणतात. आतल्या बाजूला ऑइल सील, बाहेरच्या बाजूला वॉशर, खाचांचा कॅसल नट, स्प्लिट पिन आणि डस्ट कॅप. काही युरोपीय कॅराव्हॅनवर सीलबंद बेअरिंग आणि एकदाच वापरायचा नट असतो. तिथं ग्रीस भरणं, प्ले (बेअरिंगची किंचित मोकळीक) जुळवणं हे काही करायचं नसतं, त्यामुळे पुढचं त्यांना लागू नाही.

टेपर रोलरची कल्पना घोडागाडीच्या काळातली आहे. अमेरिकेत गाड्या बनवणारे हेन्री टिमकेन आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांना तिचं पेटंट १८९८ मध्ये मिळालं. वळणावर चाकाला बाजूनं बसणारा रेटा साध्या बेअरिंगला झेपत नव्हता, तो या तिरक्या रोलरांनी पेलला. दोन ॲक्सलचा ट्रेलर अरुंद जागेत वळवताना चाकं अक्षरशः आडवी घासत जातात. तेव्हा तोच रेटा हबमध्ये येतो. म्हणून या बेअरिंगची बैठक सरळ असणं फार महत्त्वाचं आहे, आणि माझा घोळ नेमका तिथंच होता.

जुनं बेअरिंग टाकून देऊ नका, वाचा

पहिल्या दोन वेळी मी जुनं बेअरिंग काढलं, नवीन घातलं आणि जुनं टाकून दिलं. म्हणजे हातात असलेला पुरावा स्वतःच फेकला. आता मी कोन आणि कप रॉकेलमध्ये धुतो, पुसून कोरडे करतो आणि उन्हात धरून बघतो. (हवेच्या दाबानं कोन गरगर फिरवून वाळवू नका. कोरडे रोलर आणि रेस ओरखडतात, आणि जाळी सुटली तर रोलर गोळीसारखे उडतात.)

धातूवर निळसर किंवा जांभळट छटा दिसली तर तो भाग खूप तापला होता. पोलाद तेवढं तापलं की त्याचा कडकपणा उतरतो, म्हणून असं बेअरिंग ग्रीस भरून परत वापरायचं नाही. निळेपणा स्पिंडलवरही असेल तर प्रश्न बेअरिंगपुरता उरत नाही. स्पिंडल किंवा अख्खा ॲक्सल बदलावा लागतो.

कपाच्या आतल्या पृष्ठभागावर रोलरांच्या अंतरानं काळपट, खरबरीत आडव्या रेघा दिसल्या तर पाणी शिरलं होतं आणि ट्रेलर बराच काळ एका जागी उभा होता. रोलर जिथं टेकलेले असतात तिथंच गंज धरतो. बरेचसे ट्रेलर वर्षातून आठ-नऊ महिने उभेच असतात, त्यामुळे बेअरिंग चालून जितकी खराब होतात तितकीच उभ्या उभ्या होतात, असं माझं मत झालंय. त्याच अंतरावर चकचकीत खळगे असतील आणि गंज नसेल, तर खड्ड्याचा किंवा हातोड्याचा जोरदार दणका बसलेला असतो.

धातूचे पापुद्रे निघून खड्डे पडले असतील तर तो थकवा आहे: वय झालं, किंवा वजन जास्त पडलं. रोलरच्या जाड टोकावर ओरखडे आणि जळाल्याच्या खुणा असतील तर ग्रीस कमी पडलं किंवा नट जास्त आवळला गेला.

आणि एक खूण, जी मला तिसऱ्या वेळी दिसली. कपाच्या आत रोलर फिरून जो पट्टा पडतो तो सगळीकडे सारख्या रुंदीचा असायला हवा. माझ्या कपात तो एका बाजूला रुंद होता आणि समोरच्या बाजूला अरुंद होत गेला होता. म्हणजे कप हबमध्ये तिरका बसलेला होता.

माझा दोष

कप बाहेर ठोकून काढला आणि त्याची पाठ बघितली. जी बाजू हबच्या आतल्या खांद्यावर (कप टेकण्यासाठीच्या पायरीवर) टेकते, तिथं एका ठिकाणी नखाएवढा भाग चकाकत होता. बाकी सगळी पाठ मळकट, कशालाच न टेकलेली. हबच्या खांद्यावर बोट फिरवलं तर त्याच जागी एक बारीक उचवटा लागला. पहिल्यांदा जुना कप काढताना मी पितळी ड्रिफ्टऐवजी (ठोकायच्या मऊ दांड्याऐवजी) छिन्नी वापरली होती. छिन्नी घसरली, खांद्याला चरा पडला आणि चऱ्याच्या कडेचं लोखंड वर आलं. त्यानंतरचा प्रत्येक कप त्या उचवट्यावर टेकून बसत होता.

मग लक्षात आलं की लक्षण आधीपासून समोर होतं. घरी नट अगदी व्यवस्थित जुळवायचो, चाक हलायचं नाही. दोनेकशे किलोमीटर गेल्यावर तेच चाक हातानं डुगडुगायचं. मी नट परत आवळायचो. खरं तर उचवटा दाबला जाऊन कप आत सरकत होता आणि बेअरिंग सैल होत होतं. सैल बेअरिंगमुळे हब डोलायचा, डोलण्यानं सील झिजायचं, सीलमधून ग्रीस ब्रेकवर जायचं आणि धूळ आत यायची. जुळवलेला प्ले पुन्हा पुन्हा वाढत असेल तर नटाला हात लावण्याआधी कपाची बैठक तपासा.

दुरुस्ती साधी निघाली. उचवटा बारीक कानशीनं घासून काढला, खांद्यावर फक्त वर आलेलं लोखंड घासलं, बाकी पृष्ठभागाला कानस लागू दिली नाही. हब धुतला. नवीन कप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला, म्हणजे तो किंचित आकसतो. कप ठोकायला जुनाच कप उलटा धरून वापरला. त्याला आधी ग्राइंडरनं एक चीर पाडून ठेवली होती, नाहीतर तो आत अडकतो. चारही बाजूंनी थोडं थोडं ठोकत गेलं की सुरुवातीला आवाज बोथट येतो, आणि कप खांद्यावर पूर्ण टेकला की एकदम खणखणीत येतो. तो बदल कानाला स्पष्ट कळतो. तरीही कानावर विसंबू नका: कप काढण्यासाठी हबच्या खांद्यात ज्या खाचा असतात तिथून सर्वांत पातळ फीलर गेजची पट्टी कपामागे जाते का बघा. कुठेच जायला नको.

कप हबमध्ये बोटानं दाबून बसत असेल तर हब गेला. सेंटर पंचनं ठिपके मारून किंवा गोंद लावून तो घट्ट करण्याचा सल्ला मिळतो; माणसं झोपतात त्या गाडीखाली मी तसलं काही ठेवणार नाही. कोन स्पिंडलवर हातानं सरकतो, ते मात्र बरोबर आहे, तो तसाच असायला हवा. आणि नवीन कोन जुन्या कपात कधीच नको. कप डोळ्यांना ठीक दिसला तरी.

भाग आणताना ॲक्सलच्या पट्टीवरच्या वजनावर जाऊ नका, बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचा. ३,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,५९० किलोंच्या ॲक्सलवर बहुधा आत एल ६८१४९ कोन आणि एल ६८१११ कप, बाहेर एल ४४६४९ कोन आणि एल ४४६१० कप अशी जोडी असते. बहुधा म्हटलं, कारण त्याच वजनाच्या ॲक्सलवर वेगळी स्पिंडलही येते.

नट: इथं सगळ्यांत जास्त बेअरिंग मरतात

कारच्या सवयीनं लोक नट आवळून मोकळे होतात. टेपर रोलरला किंचित मोकळीक लागते. ट्रेलरच्या हबवर टोकाचा प्ले साधारण ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर चालतो. आवळलेलं बेअरिंग तापतं, ग्रीस पातळ होऊन निघून जातं, आणि मग त्याला कोणी वाचवू शकत नाही.

मी असं करतो. हब हळू फिरवत नट सुमारे ६८ न्यूटन मीटरपर्यंत, म्हणजे ५० फूट-पौंडांपर्यंत आवळतो. फिरवल्यानं रोलर आपापल्या जागी बसतात आणि मधलं जास्तीचं ग्रीस सरकतं. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करतो. मग फक्त बोटांनी, टेकेपर्यंत. पाना नाही. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे न नेता मागच्या जवळच्या खाचेवर आणतो. पिन नवीनच. शेवटी नट बोटांनी हलला पाहिजे, फक्त पिननं अडलेला असावा.

तपासताना टायर वरून-खालून धरून हलवला की लहान प्लेसुद्धा मोठा वाटतो, कारण हात मध्यापासून लांब असतो. अगदी बारीक टकटक म्हणजे दोष नव्हे. शंका असेल तर हबला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काटेवालं माप, लावा.

ग्रीस आणि ग्रीस निपल

चाकांच्या बेअरिंगचं, एनएलजीआय २ घट्टपणाचं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस घ्या. डब्यावर जीसी-एलबी असा शिक्का असेल तर ते चाकांसाठी आणि चासीसाठी दोन्हीकडे सर्वांत वरच्या दर्जाचं मानलेलं आहे. रंगावर जाऊ नका, रंग कंपनी हवा तो देते. दोन जातींची ग्रीस मिसळणं टाळा. पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट मातीवर आधारलेलं ग्रीस लिथियमच्या ग्रीसमध्ये मिसळलं की अनेकदा मिश्रण पातळ पडतं आणि हबमधून गळायला लागतं. आधी काय भरलंय ते माहीत नसेल तर सगळं धुऊन नव्यानं भरा.

नवीन बेअरिंगवर दिसणारा ओलसर थर हा गंजू नये म्हणून लावलेलं तेल असतं, ग्रीस नव्हे. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन कोनाची रुंद बाजू त्यात दाबत जायचं, निमुळत्या बाजूनं रोलरांच्या मधून ग्रीस वर येईपर्यंत, आणि असं पूर्ण गोल. दहा मिनिटांचं काम आहे, पण मन लावून करायचं आहे.

स्पिंडलच्या टोकाला निपल (ग्रीस भरायचं बारीक तोंड) असलेल्या ॲक्सलबद्दल थोडं बोलायलाच हवं. त्यात ग्रीस स्पिंडलमधल्या भोकातून आत जातं, सील आणि आतल्या बेअरिंगच्या मध्ये बाहेर पडतं आणि दोन्ही बेअरिंगमधून पुढे येतं. सोय चांगली आहे. पण चाक उचलून, सतत फिरवत, हातानं चालवायच्या गननं हळूहळू भरलं तरच. दाब जास्त झाला तर ग्रीसला सीलकडून मार्ग मिळतो, आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरवर ते थेट ब्रेक शूवर जातं. ग्रीस मुरलेलं लायनर (शूवरचा घासणारा थर) धुऊन परत भरवशाचं होत नाही; ते शू बदलावे लागतात. शिवाय निपलमधून ग्रीस भरल्यानं बेअरिंगची तपासणी होत नाही. मी निपल असूनही वर्षातून एकदा, किंवा सुमारे १९,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, हब उघडतो.

जुनं ग्रीस बघूनही कळतं. दुधाळ किंवा ताकासारखं झालं असेल तर पाणी आहे. बोटांत चोळल्यावर चमचम दिसली तर धातू सुटतोय. नुसतं काळसर होणं तेवढं वाईट नाही, काही ग्रीस मुळातच काळं असतं.

सील

एकदा काढलेलं सील परत बसवायचं नाही. बारीक स्प्रिंग असलेला ओठ बेअरिंगकडे, आत. ओठाला ग्रीस लावून, सपाट लाकडी ठोकळा वर ठेवून सरळ ठोकायचं.

इथं एक फसवा प्रकार आहे. ३,५०० पौंडांच्या हबवर चालणाऱ्या दोन प्रचलित सीलांचा बाहेरचा व्यास एकच, २.५६५ इंच आहे. आतला व्यास एकाचा १.७१९ इंच, दुसऱ्याचा सुमारे १.६८ इंच. हबमध्ये दोन्ही झकास बसतात. फरक जेमतेम १ मिलिमीटरचा, पण मोठं सील लहान स्पिंडलवर नीट टेकतच नाही. व्हर्नियर कॅलिपरनं स्पिंडल मोजा, मगच सील आणा. सील जिथं फिरतं तिथं स्पिंडलवर नख अडकेल अशी खाच पडली असेल तर नवीन सीलही गळेल. त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवता येते.

टायरच्या आतल्या बाजूला, हबकडून बाहेर पसरलेल्या काळ्या तेलकट रेघा दिसल्या तर सील गेलं आहे. प्रवासात ट्रेलरखाली वाकून बघायची सवय लावून घ्या.

दोष हबच्या बाहेर असेल तर

हब निर्दोष निघाला आणि तरी एकच चाक तापतंय, तर आधी ब्रेक बघा. ट्रेलरची चासी उचला, ॲक्सलच्या नळीखाली जॅक लावू नका, ती वाकते. खाली स्टँड ठेवून चाक हातानं फिरवा. लायनरची हलकी, सारखी घासट चालते. चाक एक फेराही न मारता थांबत असेल तर शू फार जवळ आहेत किंवा एखादा परतत नाही. ती उष्णता ड्रममधून सरळ बेअरिंगला जाते आणि माणूस बेअरिंगला दोष देत बसतो.

मग वजन. एका बाजूला पाण्याची टाकी, स्वयंपाकघर आणि सामानाचा मोठा कप्पा असतील तर त्या बाजूची चाकं जास्त ओझं वाहतात. रबर-टॉर्शन प्रकारचे (पाट्यांऐवजी रबराच्या पिळावर चालणारे) दोन ॲक्सल असतील तर ट्रेलर जमिनीशी समांतर उभा असायलाच हवा. त्यांच्यात एका ॲक्सलचं ओझं दुसऱ्याकडे वळवणारा इक्वलायझर नसतो; हिच (गाडीला ट्रेलर जोडायची जागा) उंच असेल तर ट्रेलरचं नाक वर जातं आणि मागचा ॲक्सल जास्त दाबला जातो. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ॲक्सलवर इक्वलायझर हे बरंच सांभाळून घेतो. शक्य असेल तर प्रत्येक चाक वेगळं तोलून घ्या. नुसतं एकूण वजन बरोबर असून पुरत नाही.

आणि पाणी. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. तुंबलेल्या रस्त्यातून हब बुडेपर्यंत गेलात तर पुढच्या मोठ्या प्रवासाआधी हब उघडाच. धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा हबच्या पाठीवर मारू नका. डस्ट कॅपमधला रबरी बूच निघून पडलेला असतो आणि कुणाच्या लक्षातच येत नाही, तोही बघा.

रस्त्यावर मोजमाप

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. पण तो चकचकीत टोपीवर धरला तर खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. मी प्रत्येक हबवर काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका दिलाय आणि नेहमी तिथंच मोजतो. जोरात ब्रेक मारून थांबलात तर आकडे ब्रेकचे येतात, म्हणून शक्यतो वेग हळूहळू उतरवत थांबा. ऊन असलेल्या बाजूची चाकं थोडी गरम असतात, ते धरून चाला. एकट्या आकड्याला अर्थ नाही, चारांत तुलना करा. एखादा हब बाकीच्यांपेक्षा २०-२५ अंश सेल्सिअसनं वर असेल तर मी पुढे जात नाही, तिथंच चाक उचलून बघतो. हात ठेवून बघायचं तर आधी लांबून आच घ्या. बिघडलेला हब भाजतो. त्यावर पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या. चाक हलतंय, खरखरतंय किंवा डस्ट कॅपजवळ जळका वास येतोय, तर त्या चाकावर ट्रेलर पुढे ओढू नका. बेअरिंग फुटलं की चाक हबसकट निघून जातं, आणि ते मागून येणाऱ्या माणसावर जाऊ शकतं.

मी सोबत एक पूर्ण तयार हब ठेवतो: कप बसवलेले, बेअरिंग ग्रीस भरलेली, सील ठोकलेलं, दोन पिशव्यांत बांधलेला. सोबत स्प्लिट पिन, वॉशर, नट, डस्ट कॅप, आणि नट फिरवायला लागणारा पाना. रस्त्याच्या कडेला धुळीत बेअरिंग भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. चाक परत लावल्यावर चाकाचे नट टॉर्क पान्यानं आवळा आणि सुमारे १६, ४० आणि ८० किलोमीटरला पुन्हा तपासा.

मागच्या डाव्या हबच्या दुरुस्तीनंतर पहिल्या ८० किलोमीटरला, मग ३०० ला आणि मग १,००० ला मी डायल गेज लावून प्ले मोजला. तिन्ही वेळा ०.०८ मिलिमीटर. वर्षानं हब उघडला तेव्हा कपातला पट्टा सगळीकडे एकाच रुंदीचा होता आणि ब्रेक शू कोरडे. वहीत तारीख, किलोमीटर आणि चारही हबचे आकडे लिहिले, त्याच कपात तोच कोन ठेवला, आणि सील तेवढं नवीन घातलं.